मालक

'मालक' हा अरबी 'मालिक'. म-ल-क या धातूत ताबाही आहे आणि सत्ताही; म्हणून राजा तो मलिक, त्याचा प्रदेश तो मुल्क, म्हणजे आपला मुलूख. 'मिळकत'ही तिथलीच; 'मिळणे'शी तिचं साम्य नुसतं दिसण्यापुरतं. गंमत अशी की 'माल' या घरातला नाहीच! त्याचा धातू म-व-ल. माल आणि मालक मुळात एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

माल आणि मालक यांची ही फारकत जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं अमेरिकेत करूनच दाखवली. किंडलवर विकलेलं ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' (पुस्तकही नेमकं हेच!) लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसलं, कारण विकणाऱ्या प्रकाशकाकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले. एका शाळकरी मुलाची टिपणं तेवढी उरली; ज्या ओळींवर ती काढली होती, त्या गेल्या. पुढे ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी माफी मागितली.

अशा डिजिटल खरेदीत बटणावर 'बाय' असतं, करारात मात्र परवाना. हा शब्द फारसी, अर्थ लेखी हुकूम. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, मिळतोय तो परवाना हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' म्हणता येत नाही. कायमची उतरवून घेता येणारी फाइल असेल, तर सूट.