आवाज ज्याचा, त्याचाच राहू द्या

काही वर्षांपूर्वी घरी गाणी ऐकण्यासाठी मी स्पीकरची एक जोडी विकत घेतली. दुकानदाराने तबल्याची सीडी लावली, आवाज चांगला वर नेला आणि डग्गा असा घुमला की शोकेसच्या काचा थरथरल्या. मी भारावलो. पेट्या उंच, काळ्याभोर, चकचकीत. वर ‘हजार वॉट’ असे ठळक छापलेले. पैसे मोजले आणि रिक्षात घालून घरी आणल्या.

त्या रात्री अब्बांची कॅसेट लावली. अब्बा हयात असताना एकदा त्यांना मी त्यांच्या लहानपणच्या पावसाळ्याबद्दल बोलते केले होते, त्याचे ते अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण. अब्बांचा आवाज बारीक, किंचित घोगरा. पण या पेट्यांतून कुणी धिप्पाड माणूस रांजणात तोंड घालून बोलत होता. अम्मीने आतल्या खोलीतून विचारले, “हे कोण बोलतंय?”

हा प्रश्न मला लागला. बायको नवऱ्याचा आवाज ओळखू शकली नाही, तर दोष कॅसेटचा की पेटीचा? शोध घेता घेता मी स्पीकरच्या इतिहासापर्यंत पोहोचलो. तेव्हा कळले, की अम्मीने विचारला तोच प्रश्न मोठमोठे अभियंते शंभर वर्षे विचारत आले आहेत.

सुरुवातीच्या स्पीकरना कर्णे असत. अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे वापरून आवाज मोठा केला आणि १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत लोकांना ऐकवला. तोही कर्ण्यातूनच. कर्णा आवाज लांब नेतो. पण जाता जाता त्यात स्वतःचा नाकातला सूर मिसळतो. सभेला ते चालते, गाण्याला चालत नाही.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्णा काढूनच टाकला. वेटोळ्याला कागदाचा शंकू जोडला आणि तो शंकूच हवा हलवू लागला. त्यात एक अडचण होती. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना मिळाल्या की खर्जाचे सूर तिथल्या तिथे मरतात. म्हणून शंकूभोवती फळी लावून पुढचे आणि मागचे वेगळे केले. आज आपल्या घरातल्या बहुतेक स्पीकरमध्ये मूळ रचना तीच आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा हा शोध अवघा दोन वर्षांचा होता.

पुढचा प्रश्न पेटीचा. खालचे सूर हवे तर कपाटाएवढी पेटी हवी, असा १९५० पर्यंतचा समज. एडगर व्हिलचर नावाच्या शिक्षकाने तो मोडला. शंकूला ताणून धरणारी कड त्याने सैल केली आणि पेटी हवाबंद केली. आता शंकूला मागे खेचण्याचे काम पेटीत कोंडलेली हवाच करू लागली. ही स्प्रिंग यांत्रिक स्प्रिंगपेक्षा कितीतरी नेमकी. १९५४ मध्ये त्याने हेन्री क्लॉसबरोबर ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली, आणि फडताळात मावणाऱ्या पेटीतून खर्ज ऐकू येऊ लागला.

या कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक खोली उघडली होती. तिथे कुणीही यावे, बसून संगीत ऐकावे. विक्री मुळीच नाही! माझ्या दुकानदाराची मला तिथे हटकून आठवण झाली. शिवाय त्यांनी चार वादकांना मंचावर बसवून प्रयोग केले. वादक मध्येच हात थांबवत, गज नुसता हलवत, आणि ध्वनिमुद्रण स्पीकरमधून पुढे चालू राही. अदलाबदल कुठे झाली, हे अनेक श्रोत्यांना सांगता आले नाही.

मला सर्वात जवळची वाटली ती लंडनच्या बीबीसीची कसोटी. तिथले अभियंते स्पीकर पारखताना माणसाचे साधे बोलणे वापरत. स्टुडिओत ओळखीचा माणूस बोलतो आहे. त्याला प्रत्यक्ष ऐकायचे आणि मग तोच आवाज स्पीकरवर ऐकायचा. सतार किंवा व्हायोलिन थोडे बिघडले तर सगळ्यांना कळत नाही. माणसाचा आवाज बिघडला तर पोरालाही कळतो. याच पठडीतून १९७० च्या दशकात ‘एलएस ३/५ए’ नावाची जेमतेम तीस सेंटिमीटर उंचीची पेटी तयार झाली. बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावी, एवढाच हेतू. खर्ज बेताचा, पण माणूस बोलला की माणूसच बोलल्यासारखा वाटे. ही पेटी आजही शौकीन शोधत असतात.

आणि डोळ्यांचे काय? कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात श्रोत्यांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवले. पेटी दिसेनाशी झाली की माणसांची आवड बरीचशी जुळते, असे त्यांना आढळले. खालपासून वरपर्यंतचे सूर ज्यात सारख्या मापाने येतात, तोच स्पीकर बहुतेकांना आवडतो. पुढे १९९४ साली त्यांनी शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर तेच स्पीकर पडद्याआडून आणि पडद्याशिवाय ऐकवले. पेट्या दिसताच मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण वाढले, आणि पडद्याआडून चांगल्या ठरलेल्या छोट्या, स्वस्त संचाचे गुण घसरले. मी दुकानात नेमके हेच केले होते.

तेव्हा खरेदीला जाणाऱ्यांना माझे सांगणे थोडेच आहे. दुकानदाराची सीडी नको. आपल्या पूर्ण ओळखीचा आवाज सोबत न्या. दोन जोड्या ऐकताना आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो. डोळे मिटा. वॉटच्या आकड्याला भुलू नका. त्यापुढे ‘पीएमपीओ’ अशी अक्षरे असतील तर तो आकडा विसराच, त्याला ठरलेले असे मापच नाही. आणि वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने, म्हणजे जाणवेल न जाणवेल एवढाच वाढतो. घरी आणल्यावर पेट्या कोपऱ्यात कोंबू नका, तिथे खर्ज फुगतो. बारीक सुरांचा छोटा स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या.

मी त्या पेट्या तोटा सोसून विकल्या. दुसऱ्या दुकानात अब्बांची कॅसेट घेऊन गेलो. ती पुनःपुन्हा ऐकताना दुकानातला मुलगा कंटाळला असेल, पण काही बोलला नाही. शेवटी दोन लहान, दिसायला अगदी सामान्य पेट्या घेतल्या.

घरी कॅसेट लावली. अब्बा नदीला आलेल्या पुराचे सांगू लागले. अम्मी हातातले काम ठेवून बाहेर आली आणि खुर्चीत बसली. कोण बोलतंय, हे या वेळी तिने विचारले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)