लिदित्से : नकाशावरून पुसले गेलेले गाव

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. तिच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर, क्लादनो या कोळसा-पोलादाच्या शहराजवळ लिदित्से हे छोटे गाव वसले आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख १३१८ मधील. उथळ दरीतून वाहणारा ओढा, तळे, सेंट मार्टिनचे चर्च आणि सभोवार शेते, असा त्याचा जुना तोंडवळा होता. क्लादनोतील खाणी व पोलाद कारखाने वाढले, तसे गावातील अनेक पुरुष तेथे कामाला जाऊ लागले. १९४२ मध्ये गावाची लोकसंख्या जेमतेम पाचशे होती.

त्याच वर्षी २७ मे रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिख याच्यावर हल्ला झाला. ४ जूनला तो मरण पावला. लिदित्सेतील दोन घरांतील मुले ब्रिटनमध्ये लष्करात होती, एवढ्यावरून गावावर संशय घेण्यात आला. झडतीत काहीही सापडले नाही. तरीही १० जूनला होराक यांच्या वाड्यात १७३ पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रियांची रवानगी रावेन्सब्रुक छळछावणीत झाली, तर ८२ मुलांना खेल्म्नो येथे विषारी वायूने मारण्यात आले. एकूण बळी ३४०. युद्धानंतर १४३ स्त्रिया आणि अवघी १७ मुले परतली.

एवढ्याने सूड शमला नाही. घरे जाळली गेली, चर्च सुरुंगाने उडवले गेले, थडगी उकरण्यात आली, तळे बुजवण्यात आले आणि ओढ्याचे पात्रही वळवण्यात आले. माणसांपाठोपाठ गावाचा भूगोलच नाहीसा करण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो लपवून नव्हे, तर जगाला सांगून केलेला. दोनच आठवड्यांनी लेझाकी या वस्तीचीही हीच गत झाली. ती पुन्हा वसलीच नाही.

लिदित्सेचे नशीब थोडे वेगळे. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील डॉक्टर बार्नेट स्ट्रॉस यांनी १९४२ मध्येच 'लिदित्से जगेल' ही मोहीम उभारली आणि तिथल्या खाणकामगारांनी वर्गणी दिली. मेक्सिको, अमेरिकेतील वस्त्यांनी गावाचे नाव धारण केले. युद्धानंतर जुन्या जागेशेजारीच नवे लिदित्से बांधण्यात आले, तर मूळ गावठाण मोकळे ठेवले गेले. दोहोंच्या मधोमध १९५५ पासून गुलाबांची बाग आहे.

मोकळ्या माळावर शिल्पकार मारिये उखितिलोव्हा यांनी घडवलेले ८२ मुलांचे कांस्य शिल्प उभे आहे. मुलांच्या स्मरणार्थ १९६७ पासून येथे आंतरराष्ट्रीय बालचित्र प्रदर्शन भरते. त्यात भारतीय मुलांचीही चित्रे असतात.