जर्मन–सोव्हिएत वायू-नळ करार

पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1 फेब्रुवारी 1970 रोजी एसेन शहरातील काइझरहोफ हॉटेलात झालेला तिहेरी व्यवहार. मानेसमान या कंपनीने मोठ्या व्यासाचे सुमारे 12 लाख टन पोलादी नळ द्यायचे, डॉइश बँकेच्या पुढाकाराने जर्मन बँकांनी त्यासाठी 1.2 अब्ज मार्कांचे कर्ज उभारायचे आणि सोव्हिएत संघाने रूरगास कंपनीला वीस वर्षे नैसर्गिक वायू पुरवून त्या मिळकतीतून कर्ज फेडायचे, असे त्याचे स्वरूप होते. वायूचा पुरवठा क्रमाक्रमाने वाढवत वर्षाला 3 अब्ज घनमीटरपर्यंत न्यायचा होता. सह्यांच्या वेळी जर्मन अर्थमंत्री कार्ल शिलर आणि सोव्हिएत परराष्ट्र व्यापारमंत्री निकोलाय पातोलिचेव उपस्थित होते. त्यामुळे खासगी कंपन्यांचा व्यवहार एवढेच त्याचे रूप पहिल्या दिवसापासून नव्हते.

या कराराआधी एक बंदी होऊन गेली होती. 1962 च्या अखेरीस अमेरिकेच्या आग्रहावरून नाटोने सोव्हिएत संघाला 19 इंचांहून अधिक व्यासाचे नळ विकू नयेत असे ठरवले. चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या सरकारने ते मानले आणि जर्मन कारखान्यांनी आधीच केलेले करारही मोडायला लावले. मार्च 1963 मध्ये हा विषय जर्मन संसदेत आला, तेव्हा समाजवादी लोकशाही पक्ष आणि सत्तेतील भागीदार मुक्त लोकशाही पक्ष बंदीविरुद्ध मत देणार हे उघड होते. मतदानाच्या वेळी आडेनाउअर यांच्या पक्षाचे सदस्य सभागृहातून उठून गेले, गणसंख्या भरली नाही आणि बंदी तगली. बंदीचा परिणाम मात्र जेमतेमच झाला. चेल्याबिन्स्कच्या कारखान्याने तसे नळ स्वतः बनवायला घेतले. ज्या तेलवाहिनीसाठी ते हवे होते ती काहीशी लांबली, पण थांबली नाही. 1966 मध्ये बंदी उठली. नुकसान मुख्यतः रूर खोऱ्यातील पोलाद उद्योगाचेच झाले होते.

1969 मध्ये विली ब्रांट चॅन्सेलर झाले आणि पूर्वेशी जुळवून घेण्याच्या त्यांच्या धोरणाला हा व्यवहार आयताच मिळाला. जवळीक वाढवली तर समोरची राजवट हळूहळू बदलेल, हा त्यांचे सहकारी एगोन बार यांचा सिद्धांत. कराराला सहा महिने होतात न होतात तोच, ऑगस्ट 1970 मध्ये, दोन्ही देशांमधील मॉस्को तहावर सह्या झाल्या. ऑस्ट्रियाने तर 1968 पासूनच सोव्हिएत वायू घ्यायला सुरुवात केली होती. चेकोस्लोव्हाकियामार्गे बव्हेरियाच्या सीमेवरील वाइडहाउस येथे वायू 1973 मध्ये पोहोचला. ‘सैबेरियाचा वायू’ असे त्याला सरसकट म्हटले जाई. प्रत्यक्षात सुरुवातीचा बराचसा वायू युक्रेनमधील क्षेत्रांतून येत होता.

खरी कसोटी लागली 1982 मध्ये. सैबेरियातील उरेंगोय ते उझगोरोद ही सुमारे 4,450 किमी लांबीची वाहिनी उभारली जात होती. पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी तिच्या सामग्रीवर निर्बंध घातले आणि जून 1982 मध्ये ते अमेरिकी परवान्यावर टर्बाइन बनवणाऱ्या युरोपीय कारखान्यांनाही लागू केले. रेगन यांच्या एरवीच्या खंद्या समर्थक, ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीही ते झुगारले. स्कॉटलंडमधील जॉन ब्राउन कंपनीला त्यांच्या सरकारने करार पाळण्याचा आदेश दिला. अमेरिकेने आदल्याच वर्षी रशियाला धान्य विकण्यावरील स्वतःची बंदी उठवली होती, हे युरोपीय नेते वारंवार सुनावत. नोव्हेंबरमध्ये निर्बंध मागे घेतले गेले. 1962 प्रमाणेच हे भांडण मॉस्कोशी कमी आणि मित्रराष्ट्रांमध्ये आपापसांत अधिक होते. युरोप या वायूवर अवलंबून राहील ही तेव्हाची अमेरिकी शंका मात्र अगदीच वावगी नव्हती, हे पुढे दिसले.

सोव्हिएत संघ कोसळला तरी पुरवठा चालू राहिला. 2006 आणि 2009 च्या जानेवारीत रशिया–युक्रेन तंट्यामुळे ऐन थंडीत तो विस्कळीत झाला. जर्मनीने त्यातून घेतलेला धडा चमत्कारिक होता: रशियावरचे अवलंबित्व घटवण्याऐवजी युक्रेन टाळून जाणाऱ्या मार्गावर भर दिला गेला. बाल्टिक समुद्रतळावरील 1,224 किमीची नॉर्ड स्ट्रीम 2011 मध्ये सुरू झाली. 2021 मध्ये जर्मनीच्या वायू आयातीत रशियाचा वाटा निम्म्याहून अधिक होता. दुसरी नॉर्ड स्ट्रीम बांधून तयार होती; युक्रेनवरील आक्रमणाच्या दोन दिवस आधी, 22 फेब्रुवारी 2022 रोजी, चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी तिची मान्यताप्रक्रिया थांबवली.

पहिल्या वाहिनीचा पुरवठा मात्र विकणाऱ्यानेच आटवला. रशियाच्या सरकारी गाझप्रॉम कंपनीने टर्बाइनच्या दुरुस्तीचे कारण सांगितले. कॅनडाहून दुरुस्त होऊन आलेले ते यंत्र मुलहाइम येथील सीमेन्सच्या आवारात पडून होते आणि ऑगस्टमध्ये शोल्त्स यांनी त्याच्या शेजारी उभे राहून ते पाठवायला तयार असल्याचे जगाला दाखवले. नॉर्ड स्ट्रीमचे बहुतेक नळही याच मुलहाइममध्ये घडले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला पुरवठा पूर्ण थांबला आणि 26 तारखेला बोर्नहोम बेटाजवळच्या स्फोटांत दोन्ही नॉर्ड स्ट्रीमच्या मिळून चारपैकी तीन नळ फुटले. डिसेंबरमध्ये विल्हेल्म्सहाफेन येथे जर्मनीचे पहिले द्रवरूप वायू आयात केंद्र सुरू झाले.

या उलथापालथीची झळ भारतालाही बसली. ‘गेल’ या भारताच्या सरकारी वायू कंपनीने 2012 मध्ये गाझप्रॉमच्या सिंगापूर येथील कंपनीशी वर्षाला सुमारे 25 लाख टन द्रवरूप वायूचा दीर्घ मुदतीचा करार केला होता. ही कंपनी गाझप्रॉमच्या जर्मन शाखेकडे गेलेली होती. 2022 मध्ये जर्मन सरकारने ती शाखा ताब्यात घेतली, रशियाने तिच्यावर निर्बंध घातले आणि भारताकडे यायच्या खेपा चुकल्या. गेलला खत कारखान्यांसह ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. हा वाद लवादात गेला आणि जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला.