घरात शिरलेले सोजीर आणि माळावरच्या झोपड्या : प्लेगच्या साथीचा एक धडा

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या दाटीत, डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका जीवघेण्या तापाचे अचूक निदान केले : गाठीचा प्लेग. पुढे काही महिन्यांतच लोकांना रोगाइतकीच भीती रोग आवरणाऱ्यांची वाटू लागली. असे का घडले, त्याचा हा इतिहास.

२/ प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घाण, कोंदट हवा आणि रोग्याचा संसर्ग यांवर सरकारचा संशय. म्हणून घरे कार्बोलिकने धुवायची, कपडेलत्ते जाळायचे, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत न्यायचे, असे धोरण ठरले.

३/ मुंबईत आवई उठली : इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. लोक शहर सोडून जाऊ लागले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. एरवी वाढतच जाणारे हे शहर त्या दशकात आकसले.

४/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला वाटतील ते निर्बंध घालण्याची मुभा त्यात होती. सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, अशी हमीही होती. ज्यांच्या घरांची झडती व्हायची, त्यांच्या हक्कांविषयी मात्र त्यात चकार शब्द नव्हता.

५/ पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याकडे आले. मार्च १८९७ मध्ये त्याने घरझडतीसाठी गोरे सोजीर नेमले. ते माजघरात, देवघरात शिरले; स्त्रियांच्या तपासणीवरून आणि सामानाच्या नासधुशीवरून तक्रारींचा पाऊस पडला. ‘केसरी’तून टीकेची झोड उठली. परिणाम उलटाच झाला : लोक रोगी दडवू लागले.

६/ त्याच पुण्याच्या परिसरात दुसरेही एक काम चालू होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः तेथे शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या; त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

७/ २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र. गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वेळी लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. ३ जुलैला रँडचा मृत्यू झाला. पुढे चापेकर बंधू फासावर चढले. क्रांतीच्या इतिहासातील हे पान सर्वांना ठाऊक आहे. आरोग्याच्या इतिहासातही त्याला जागा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

८/ खेड्यांतील लोकांची रीत निराळी होती. घरात उंदीर मरून पडू लागले की गावकरी गाव सोडत आणि माळावर झोपड्या घालून राहत. ना कोणाचा हुकूम, ना सोजिरांचा पहारा. मेलेला उंदीर ही येणाऱ्या साथीची वर्दी आहे, एवढे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

९/ विज्ञानाने पुढे त्यांच्या बाजूने कौल दिला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात, असे प्रयोगाने दाखवले. आरंभी त्यांची उपेक्षा झाली. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कसून प्रयोगांनी तेच सिद्ध केले. गाव सोडणे म्हणजे उंदीर आणि पिसवांपासून दूर जाणे. त्या काळातील उपायांत तो सर्वांत शहाणपणाचा होता.

१०/ लशीची गोष्टही विश्वासाचीच. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक बिचकत होते. तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली. आपल्या माणसाने पुढे केलेला दंड पाहून अनेकांची भीती गेली.

११/ मार्च १८९८ मध्ये घरतपासणीवरून मुंबईत दंगल उसळली. त्यानंतर सरकार हळूहळू नमले. सक्तीच्या झडत्या आणि विलगीकरण सैल झाले, स्थानिक पुढारी व स्वयंसेवक यांची मदत घेतली जाऊ लागली, लस ऐच्छिक राहिली. प्लेग मात्र पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. पहिल्याच वर्षी गमावलेला विश्वास परत मिळवणे सोपे नव्हते.

१२/ हा धडा महाराष्ट्रातच पुढे कोणीतरी नीट गिरवला. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. आरोग्य सेविका म्हणून त्यांनी गावातल्याच स्त्रिया घडवल्या. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. पाणी, बाळंतपण, लसीकरण यांविषयी शेजारीण सांगे आणि घरे ऐकत. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या एका ग्रंथात या प्रयोगाची नोंद घेतली.

१३/ २००५ मध्ये ‘आशा’ योजना आली : गावाचीच सून, गावाचीच सेविका. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला; पण या वेळी घरोघरी गेल्या त्या आशाताई. काही ठिकाणी आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्लेही झाले, आणि त्यांच्या संरक्षणासाठी त्याच जुन्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

१४/ आज क्षयरोग, डेंग्यू, मधुमेह, कुपोषण यांच्याशी लढा आहे. यांतील प्रत्येक लढाईत कोणाला तरी दार वाजवावे लागते आणि आतल्या माणसाला ते उघडावेसे वाटावे लागते. हे काम ज्यांच्यावर सोपवले आहे, त्या आशाताई अजूनही पगारावर नव्हे, तर मोबदल्यावर काम करतात. रँडच्या सोजिरांना दार ठोठावण्याची गरज भासली नव्हती. आशाताईंसाठी ते आतून उघडते, आणि सार्वजनिक आरोग्याची सारी भिस्त त्यावरच आहे.