तीन मिनिटे, पन्नास गुण

निवडक महाविद्यालयांच्या प्रवेशात मुलाखतीला किती वजन असावे, याचा मागोवा घेताना मी एका निकालपत्रापाशी थांबलो: अजय हासिया खटला, सर्वोच्च न्यायालय, १३ नोव्हेंबर १९८०.

श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात १९७९-८० च्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० गुण होते आणि मुलाखतीला ५०. वगळलेल्या उमेदवारांची तक्रार अशी की, मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटे चालली आणि विचारले काय, तर आईवडील कोण, राहता कुठे! मी साधा हिशेब मांडला. तीन मिनिटे धरली, तरी मिनिटाला सोळाहून अधिक गुण. लेखी परीक्षेत कष्टाने मिळवलेली आघाडी एवढ्यात पुसली जाते.

पीठ पाच न्यायमूर्तींचे. सरन्यायाधीश पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, निकाल लिहिला न्या. भगवतींनी. त्यांनी मुलाखत मोडीत काढली नाही. तिचे वजन १५ टक्क्यांच्या आत बांधले आणि तिचे ध्वनिमुद्रण व्हावे, असेही सुचवले.

पुढे हाच १५ टक्क्यांचा आकडा लोकांच्या लक्षात राहिला. मला अडवतो तो निकालाचा शेवट. तोवर दीड वर्ष उलटले होते. झालेले प्रवेश न्यायालयाने मोडले नाहीत. वगळलेल्यांतल्या सर्वोत्तम पन्नास जणांना १९८१-८२ साठी जादा जागा देण्याचे कॉलेजने मान्य केले. म्हणजे न्याय मिळाला, पण दोन वर्षे गेली ती गेलीच. मुलाखतीचे खरे वजन मला त्या दोन वर्षांत दिसते.