दोन पट्ट्यांवरचा पाठ

साहित्याच्या अभ्यासकाला ‘पाठ’ ही संकल्पना नवी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून मराठीत मूळ पाठ कोणता आणि लेखकूंनी मागाहून घातलेला कोणता, हा विचार चालत आलेला आहे. ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न क्वचितच विचारतो. रॉक संगीताला तर तो अधिकच लागू पडतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकाराने कागदावर लिहिलेली स्वरलिपी असते, आणि तिचे वादन हे त्या संहितेचे एक वाचन ठरते. रॉक वाद्यवृंदाची संहिता बहुधा कागदावर नसतेच. ध्वनिमुद्रिका हीच तिची संहिता. म्हणून ती कोणत्या यंत्रावर, किती वेळात, कोणाच्या निर्णयाने सिद्ध झाली हा इतिहास तांत्रिक तपशिलापुरता उरत नाही. तो पाठनिश्चितीचा इतिहास होतो. आमच्या मते तुटपुंज्या साधनांनी झालेल्या ध्वनिमुद्रणांत हा इतिहास सर्वांत स्वच्छ दिसतो. बीटल्स या वाद्यवृंदाचे उदाहरण घेऊन तो येथे पाहू.

सोमवार, ११ फेब्रुवारी १९६३. लंडनमधील ॲबी रोडवरचा ईएमआय कंपनीचा स्टुडिओ क्रमांक दोन. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना या चौघांच्या पहिल्या दीर्घमुद्रिकेसाठी चौदा गाणी हवी होती. चार गाणी एकल तबकड्यांवर आधीच आलेली होती. उरलेली दहा त्या एका दिवसात मुद्रित झाली. सकाळी दहाला आरंभ, रात्री पावणेअकराच्या सुमारास शेवट, आणि मध्ये तीन सत्रे. दुपारच्या सुटीतही वादक बाहेर न जाता सराव करत राहिले. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्येच कार्यक्रम मुद्रित करावा, असा मार्टिन यांचा आधीचा विचार होता. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांनी ती जागा पाहिली आणि तळघरातील ध्वनीची अवस्था लक्षात घेऊन तो बेत सोडला. स्टुडिओत रंगमंचाचाच आवेश पकडायचा, हे उद्दिष्ट मात्र कायम राहिले.

यंत्र होते दोन ट्रॅकचे. ट्रॅक म्हणजे एकाच फितीवर शेजारी शेजारी धावणारी ध्वनीची पट्टी. एका पट्टीवर सगळी वाद्ये, दुसरीवर सगळे गायन, अशी ही विभागणी होती. मिश्रणाच्या वेळी निर्मात्याच्या हाती त्यामुळे मुख्यत्वे एकच प्रमाण उरे: गायन किती आणि वादन किती. ड्रम थोडे पुढे यायला हवे होते असे नंतर वाटले, तरी गिटार न वाढवता ते पुढे आणता येत नव्हते. तात्पर्य, वाद्यांचे आपापसांतले नाते मुद्रणाच्या क्षणीच ठरवावे लागे. कोण मायक्रोफोनपासून किती दूर उभा आहे, कोणाचा ॲम्प्लिफायर किती चढवला आहे, कोणता ठोका हलका पडला, हेच त्यांचे मिश्रण होते.

ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ यांनी आणखी एक निर्णय घेतला. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून मध्ये पडदे लावण्याचा प्रघात होता. त्यांनी ते पडदे दूर सारले आणि चौघांना रंगमंचावर उभे राहतात तसे जवळ जवळ उभे केले. आवाज एकमेकांत मिसळू दिले. काटेकोर तांत्रिक दृष्टीने हा दोषच. पण त्या दीर्घमुद्रिकेत जी एकजीव, खोलीभर पसरलेली ध्वनिप्रतिमा आहे, ती याच ‘दोषा’तून आलेली आहे. जॉन लेनन यांना त्या दिवशी सर्दी झालेली होती. गळ्याला सर्वाधिक ताण देणारे ‘ट्विस्ट अँड शाउट’ म्हणूनच अगदी शेवटी राखून ठेवले होते. पहिला प्रयत्न स्वीकारला गेला. दुसऱ्या प्रयत्नापर्यंत आवाज उरला नव्हता. त्या गाण्यातला फाटलेला स्वर ही कलात्मक निवड होती की शारीरिक अपरिहार्यता, असे विचारले तर ते दोन्ही होते, असेच उत्तर द्यावे लागेल.

‘एका दिवसातली दीर्घमुद्रिका’ ही आख्यायिका थोडी छाटून घ्यायला हवी. २० फेब्रुवारीला मार्टिन यांनी वाद्यवृंदाच्या अनुपस्थितीत दोन गाण्यांत पियानो व सेलेस्टा यांचे स्वर स्वतः भरले; २५ तारखेला मिश्रण झाले; २२ मार्चला ‘प्लीज प्लीज मी’ बाजारात आली आणि ब्रिटनच्या यादीत तीस आठवडे अग्रस्थानी राहिली. म्हणजे संपादकाचा हात येथेही आहे. पण त्या हाताला फिरायला जागा फारच थोडी होती.

पुढे यंत्रे सुधारली, तरी टंचाई संपली नाही. ऑक्टोबर १९६३ पासून बीटल्सना चार ट्रॅक मिळाले. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) ही विसाव्या शतकातील सर्वाधिक चर्चिलेल्या दीर्घमुद्रिकांपैकी एक. तीही चार ट्रॅकच्या यंत्रांवरच घडली. न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक कंपनीकडे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनच आठ ट्रॅकचे यंत्र होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही साधने किती बेताची होती ते कळते. चारही पट्ट्या भरल्या की त्यांचे मिश्रण करून ते दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन पट्ट्यांवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर नवे आवाज चढवायचे, अशी रीत होती. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर थोडी वाढे. शिवाय एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नसत. पुढे काय येणार आहे याची कल्पना करूनच आजचे प्रमाण ठरवावे लागे. संमिश्रणाचा असा प्रत्येक टप्पा म्हणजे परत न फिरवता येणारे एक वाक्य होते.

येथे पाठभेदाचा प्रश्न उघडच उभा राहतो. वाद्यवृंदाने जातीने बसून करवून घेतले ते एकपदरी, म्हणजे मोनो मिश्रण. स्टिरिओ मिश्रण मार्टिन व ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी नंतर, बव्हंशी त्यांच्या गैरहजेरीत केले. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोत स्टिरिओपेक्षा जलद आणि उंच स्वरात ऐकू येते. जगाने पुढची चाळीस वर्षे प्रामुख्याने जो पाठ ऐकला, तो कर्त्यांच्या देखरेखीखालचा नव्हता. मोनो आवृत्ती सीडीवर यायला २००९ उजाडले.

या इतिहासाचा एक धागा मुंबईतूनही जातो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आले आणि फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी मुद्रण केले. ‘वंडरवॉल म्युझिक’च्या श्रेयनामावलीत संतूरसाठी शिवकुमार शर्मा आणि बासरीसाठी एस. आर. केंकरे ही नावे आहेत. हॅरिसन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार मुंबईत फक्त मोनो यंत्र होते. कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. स्टुडिओ ध्वनिरोधक नव्हता. संध्याकाळी खालची कार्यालये सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे, आणि नीट ऐकल्यास काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्सीही ऐकू येतात, असे ते म्हणत. याच सत्रांत ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वादन मुद्रित झाले. फेब्रुवारीत लंडनला त्यावर गायन चढले आणि मार्चमध्ये ते बीटल्सच्या नावाने प्रसिद्ध झाले. फोर्टमधल्या त्या खोलीत वाद्यांचा तोल ज्या प्रमाणात साधला गेला, तोच तोल लंडनच्या त्या ख्यातनाम स्टुडिओला मान्य करून पुढे जावे लागले.

बीटल्ससाठी टंचाई ही परिस्थिती होती; पुढच्या पिढीसाठी ती भूमिका झाली. निर्वाणा या वाद्यवृंदाची पहिली दीर्घमुद्रिका ‘ब्लीच’ (१९८९) जॅक एंडिनो यांनी आठ ट्रॅकवर, सुमारे तीस तासांत मुद्रित केली, आणि ती सहाशे डॉलर्समध्ये झाल्याचे वेष्टनावरच छापले गेले. खर्चाचा आकडा हाच येथे सौंदर्यविषयक जाहीरनामा ठरला. तथापि आम्हाला या दोहोंत साम्यापेक्षा भेद महत्त्वाचा वाटतो: गरज म्हणून पत्करलेले बंधन आणि बिरुद म्हणून मिरवलेले बंधन यांची जातकुळी एक नसते.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे, की ती ‘परत न फिरवता येणारी वाक्ये’ आता परत फिरवता येऊ लागली आहेत. २०१७ मध्ये जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी ‘सार्जंट पेपर्स’च्या उतरवणीपूर्वीच्या मूळ फिती काढून नवे स्टिरिओ मिश्रण केले. त्याहून मोठे पाऊल नंतर पडले. एकाच पट्टीत मिसळलेले आवाज संगणकाकडून वेगळे करवून घेण्याचे तंत्र साधले, आणि २०२३ च्या संकलनात ‘ट्विस्ट अँड शाउट’चेही नवे मिश्रण आले. नॉर्मन स्मिथ यांनी पडदे दूर सारून जे एकत्र केले होते, त्यांच्यामध्ये साठ वर्षांनी पुन्हा पडदे उभे राहिले.

या नव्या मिश्रणांना नाक मुरडण्याचे कारण नाही. त्यांतून बेस गिटारची बोटे ऐकू येतात, दबलेले सहगान स्पष्ट होते. चांगल्या टीकेने जे साधावे ते ती साधतात. पण टीका ही टीका आणि मूळ ते मूळ. वर्गात ‘भावार्थदीपिका’ शिकवताना आपण तिला गीतेच्या जागी ठेवत नाही. ती थोर आहे म्हणूनच तिला तिचे स्वतःचे नाव देतो. दोन पट्ट्यांच्या यंत्रापुढे उभे राहिलेल्या माणसांनी, परत फिरता येणार नाही हे ठाऊक असताना, काही गोष्टी ठरवल्या. थकलेला गळा, एकमेकांत शिरलेले आवाज, गिटारीआड राहिलेला ड्रम हे सर्व त्या ठरवण्याचे भाग आहेत. ते पुसून मिळणारी स्पष्टता हवीहवीशी असेल. परंतु विद्यार्थ्यांच्या हाती कोणती आवृत्ती देतो आहोत, ती कोणत्या साली आणि कोणी सिद्ध केली, हे सांगण्याची शिस्त आपण ग्रंथांच्या बाबतीत पाळतो. ध्वनिमुद्रिकांनाही तीच शिस्त लागू करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.