विनोदी नटाचा आवाज

आपल्या रंगभूमीचे जे इतिहास आजवर लिहिले गेले, त्यांत गायक नटाला मानाचे पान मिळाले आहे. त्याच्या पदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या घरोघरी वाजल्या, आणि त्याच्या मागे त्याचा सूर उरला. गंभीर भूमिका करणाऱ्या नटाचे निदान छायाचित्र तरी राहिले. परंतु विनोदी नटाची खरी दौलत म्हणजे त्याचा गद्य आवाज. शब्दावर किंचित अडखळणे, वाक्याच्या शेवटी सूर उतरविणे, नको तेथे श्वास घेणे, ही सारी दौलत पडदा पडताच हवेत विरून जात असे. ‘प्रेक्षक पोट धरधरून हसले’ एवढी एकच नोंद मागे राही. ते कोणत्या सुराला हसले, हे लिहून ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेतली नाही. ही उणीव किती मोठी आहे, हे दिलीप प्रभावळकर यांच्या दीर्घ कारकीर्दीकडे पाहिले असता चांगलेच ध्यानात येते.

विनोद आणि वाणी यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. संस्कृत नाटकातील विदूषक जातीने ब्राह्मण, राजाचा सखा. पण तो संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलतो. राजाची भाषा वेगळी आणि त्याच्या मित्राची वेगळी, या एकाच योजनेत नाटककारांनी हास्याचे अर्धे काम साधून घेतले. तमाशातील सोंगाड्यानेही हाच वारसा आपल्या परीने चालविला. त्याचा वेष पाहून माणसे हसतात खरी, पण हसत राहतात ती त्याच्या बोलण्याला.

मराठीतील आधुनिक विनोदी लेखनाचा उगम वऱ्हाडाशी निगडित आहे, ही गोष्ट वऱ्हाडी वाचकाला सांगावयास नको. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी खामगावास वकिली करता करता ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले. ते पोहे छापील कागदावरून कोठेही पोहोचू शकत होते. नाटकाचे तसे नव्हते. पडदे, पेट्या, पोषाख आणि पन्नास माणसे असा संसार घेऊन फिरणाऱ्या मंडळीस अमरावती-अकोला गाठणे सोयीचे. दारव्ह्यास यावयाचे तर मूर्तिजापुरास उतरून यवतमाळकडे जाणारी लहान रुळांची गाडी धरावी लागे. ती गाडीही आता थांबली आहे. म्हणून आडवळणाच्या गावी नट पोहोचला, तो बव्हंशी देहाने नव्हे तर आवाजाने. १९४८ साली नागपूर येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. पुढे दूरदर्शन आले. या साधनांनी विनोदी नटाचे भाग्य पालटले. त्याची बोलण्याची लकब प्रथमच गावोगाव गेली, आणि मुलांनी ती उचलली.

प्रभावळकर यांचा जन्म १९४४ सालचा. मुंबईत १९७२ साली दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा ते ऐन उमेदीत होते. त्यांची आरंभीची जडणघडण रत्नाकर मतकरी यांच्या नाटकांतून झाली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील त्यांची चेटकीण पुष्कळांच्या स्मरणात आहे. बालप्रेक्षक हा परीक्षकांत सर्वांत निष्ठुर. त्याला नटाचे नाव ठाऊक नसते व त्याच्या कीर्तीची पर्वाही नसते. चेटकिणीचा आवाज पोकळ निघाला तर तो भीत नाही, आणि नुसताच भयंकर निघाला तर तो रडून घरी जावयास निघतो. भीती व हसू यांच्या मधल्या अरुंद वाटेवरून आवाज चालविण्याची विद्या त्यांनी या शाळेत शिकून घेतली. त्याच मतकरींच्या ‘आरण्यक’ नाटकात त्यांनी वृद्ध विदुर उभा केला. चेटकीण व विदुर एकाच कंठातून निघू शकतात, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

यानंतरचा टप्पा चिमणरावाचा. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे पंडित. त्यांनी निर्माण केलेला हा भिडस्त गृहस्थ मास्टर विनायकांच्या काळात पडद्यावर आला होता. ‘लग्न पहावे करून’ (१९४०) व ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांची मुद्राच अशी होती की, त्यांनी तोंड उघडण्यापूर्वी हशा पिकावा. प्रभावळकरांना निसर्गाने असे काही दिले नव्हते. चारचौघांसारखा चेहरा, बेताचा बांधा. दूरदर्शनच्या मालिकेत बाळ कर्वे यांच्या धिप्पाड गुंड्याभाऊशेजारी उभे राहून त्यांना चिमणराव घडवावयाचा होता, आणि तो त्यांनी घडविला मुख्यतः बोलण्यातून. हा चिमणराव वाक्य सुरू करतो ते ठामपणे, मध्यावर येताच त्याला आपल्याच ठामपणाची भीती वाटते, आणि शेवट तो जणू क्षमा मागत करतो. मध्यमवर्गीय मराठी माणसाचा सारा इतिहास त्या सुरात साठलेला आहे.

आता त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत विलक्षण प्रसंगाकडे वळू. शब्दभ्रमाची कला महाराष्ट्रात लोकप्रिय केली ती यशवंत केशव पाध्ये यांनी. त्यांचा ‘अर्धवटराव’ हा बाहुला पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोहोचविला. शब्दभ्रमकार ओठ न हलविता बोलतो व बोलल्याचे श्रेय बाहुल्यास देतो. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात या कलेची निराळीच विभागणी झाली. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटाच्या धर्तीवर रचलेल्या या कथेत तात्या विंचू नावाच्या गुन्हेगाराचा जीव बाहुल्यात शिरतो. तो बाहुला रामदास पाध्ये यांचा. त्याचा आवाज प्रभावळकरांचा. नट स्वतः पडद्यावर दिसतो तो थोडाच वेळ. उरलेला चित्रपट त्याच्या घोगऱ्या, गुरगुरणाऱ्या कंठाने तोलून धरला आहे. लाकडी पापण्यांना अभिनय येत नाही. जो काही राग, लोभ व लबाडी त्या बाहुल्यात दिसते, ती आपल्या कानांनी आपल्या डोळ्यांना दाखविलेली असते. पुन्हा चेटकिणीचीच युक्ती येथे उपयोगी पडली. मुले त्या बाहुल्याला भ्याली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याची नक्कल करू लागली.

पाश्चात्त्य देशांत हलत्या चित्रांना वाणी देणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच झाला. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग या सर्वांच्या मुखातून बोलणारा मेल ब्लँक (१९०८–१९८९) हा एकच माणूस होता. पगारवाढ नाकारली गेली तेव्हा त्याने त्याऐवजी पडद्यावर आपले नाव झळकविण्याची मागणी केली, असे तो सांगत असे. पैशाहून नाव मोलाचे, हे त्याने ओळखले होते. आपल्याकडेही दूरदर्शनवरील ‘जंगल बुक’च्या हिंदी आवृत्तीत शेरखानाची डरकाळी नाना पाटेकर यांची होती. परंतु असा प्रसिद्ध नट वगळला, तर परभाषेतील चित्रांना आपल्या भाषेत बोलते करणाऱ्या कलावंतांची नावे किती प्रेक्षकांना ठाऊक असतात? मुले ज्या आवाजाबरोबर वाढतात, त्या आवाजाचा धनी त्यांना आयुष्यभर अपरिचित राहतो.

येथे एक आक्षेप संभवतो. आवाज बदलणे ही नक्कल झाली, कला नव्हे. नकलाकार जत्रेतही आढळतो. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रभावळकरांच्याच कामात आहे. नकलाकार दुसऱ्याचा आवाज घेतो. नट माणूस घेतो, मग त्या माणसाचा आवाज आपोआप येतो. ‘चौकट राजा’ (१९९१) मधील मतिमंद नंदूचे जड, तुटक बोलणे हे हशाचे साधन सहज होऊ शकले असते. तसे ते झाले नाही, कारण नंदूला काय सांगावयाचे आहे याची तळमळ त्या तुटक शब्दांमागे ऐकू येते. त्याच वर्षीच्या ‘हसवाफसवी’ या स्वलिखित नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या. त्यांतील कृष्णराव हेरंबकर या वृद्ध गायक नटाला प्रेक्षक हसत हसत पाहू लागतात, आणि शेवटी त्यांचे हसणे घशात अडते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेतील आबांचा मिस्कील, थकलेला स्वर याच घराण्यातला.

आणि मग ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मधील गांधीजी. या गांधीजींचे दर्शन एकट्या मुन्नाला घडते. इतरांच्या दृष्टीने तो केवळ त्याच्या कानातला आवाज. ज्या गांधीजींनी १९३६ पासून आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामी, वास्तव्य केले, त्यांचे प्रत्यक्ष बोलणे ऐकलेल्या माणसांच्या पुढच्या पिढ्या येथे नांदत आहेत. त्यांच्यापुढे हे सोंग उघडे पडण्याचा धोका होता. प्रभावळकरांनी गांधीजींच्या लकबींचा हव्यास धरला नाही. समोरच्याला लाज न वाटू देता सत्य सांगणारा सौम्य सूर तेवढा त्यांनी पकडला. ‘शेवरी’ या मराठी चित्रपटासह या भूमिकेबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तात्या विंचू आणि महात्माजी! हिंसेचा व अहिंसेचा उच्चार एकाच कंठाने करावा आणि दोन्हीही प्रेक्षकास खरे वाटावेत, यापरती विनोदी नटाच्या सामर्थ्याची कसोटी कोणती?

‘विनोदी नट’ हे विशेषण आपण किंचित खालच्या आवाजात उच्चारतो, हा आपल्या रसिकतेतील दोष आहे. गंभीर भूमिकेत यश मिळाले म्हणजे विनोदी नटाचा उद्धार झाला, असे मानण्याची आपली रीत. वस्तुतः उलट आहे. चिमणरावाची भीड ज्याने नेमकी ऐकली, त्यालाच नंदूची तळमळ ऐकू आली. हसविण्यासाठी कान जितका तीक्ष्ण लागतो, तितकाच करुणेसाठी लागतो. यापुढे रंगभूमीचा व चित्रपटाचा जो इतिहास लिहिला जाईल, त्यात चेहऱ्यांच्या चित्रांबरोबर आवाजांचीही नोंद असावी. कोण कसा बोलत असे, कोठे थांबत असे, बाहुल्याच्या तोंडून कोण बोलला, हे सारे ज्यांनी ऐकले त्यांनी लिहून ठेवावे. दामुअण्णांचा आवाज काही बोलपटांमुळे तरी वाचला. त्यांच्या आधीच्या पिढीचा बव्हंशी गेला, आणि तो आता परत येणे नाही.